घाम येणारी कोंबडी

नव्या जातीची पहिली कोंबडी कापायला पंचफुलानं उचलली, तशी पंखाखालची ओल तिच्या हाताला लागली.

पन्नास अंशांच्या उन्हात तिच्या पांढऱ्या कोंबड्या पटापट मेल्या होत्या, उन्हाला काटक म्हणवणाऱ्या उघड्या मानेच्या जातीच्याही टिकल्या नव्हत्या. मग गावात सगळ्यांनी आणली तीच जात तिनंही आणली. "हिले माणसासारखा घाम येते, काकू. उन्हानं मरत नाही," कुक्कुटकेंद्रातली पोरगी म्हणाली होती.

पंचफुलानं सहज हात नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. या घामाचे सदरे ती तीस वर्षं धूत आली होती.

"काहो," तिनं ओसरीवरच्या नवऱ्याला हाक मारली, "मागं गावात आलेल्या त्या तपासणीवाल्यांनी तुमच्या कातडीचा तुकडा कायले नेला होता?"

"ऊन न बाधणारा माणूस पाहिजे होता त्यायले," शेषराव ऐटीत म्हणाला. "अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच निघालो."

पंचफुलानं कोंबडी सोडून दिली आणि ती ओसरीवर धावली.

शेजारच्या गोदाबाईनं आज आपली नव्या जातीची कोंबडी शिजवली होती. तिनं चवीला पाठवलेली रश्श्याची वाटी शेषराव बोटानं पुसून चाटत होता.