तेवढा एक शब्द सोडून

"हिच्यासमोर घराचं नाव काढायचं नाही," घोडेवाल्यानं लगाम हातात घेता घेता घोडीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बजावलं. "ऐकलं की वळलीच म्हणून समजा. मग मी ओढलं काय नि देवानं ओढलं काय."

"मग तुम्ही काय म्हणता?" घोडीवर बसलेल्या बाईनं विचारलं.

"आम्ही 'खाली' म्हणतो. आमची बायको म्हणते, माझ्यासमोर कधी एवढी जीभ सांभाळली नाहीत."

ती हसली. हसून बरेच दिवस झाले होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती, तीही नणंदेला त्यांच्यापाशी बसवून, दोन दिवसांपुरती. भरवणं, कूस बदलून देणं, रात्री उठून चादरी बदलणं, यात तिच्या अंगातला जीवच निघून गेला होता. तिला डोंगर बघायचा नव्हताच. कुणी हाक न मारता थोडा वेळ बसायचं होतं. नवरा शेजारून धापा टाकत चालत होता. घोड्याची भीती वाटते असं न सांगता त्यानं कंबरेचं निमित्त पुढे केलं होतं.

पहिल्याच वळणावर त्याचा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"दादा, आई माझ्या हातून जेवतच नाहीये. वहिनी घरी कधी येणार, एवढंच चाललंय तिचं."

घोडीनं कान टवकारले आणि ती गर्रकन वळली. दोघांनी तिला आवरेपर्यंत चढून झालेल्यातली निम्मी चढण पुन्हा वाट्याला आली.

थोड्या वेळानं बहिणीचा पुन्हा फोन, आईच्या गोळ्यांचा डबा सापडेना. "अगं, घरातच असेल, नीट शोध!" नवरा ओरडला. घोडी वळली.

तिसऱ्या फोनला त्यानं चांगलीच सावधगिरी बाळगली. "तू... खालीच आहेस ना?"

"खाली कशाला असेन? घरात आहे मी!"

घोडी वळली.

"साहेब, तो फोन बंद ठेवा की," घोडेवाला काकुळतीला आला. "सकाळपासून डोंगर चढतेय बिचारी. तिला तेवढा एकच शब्द कळतो."

बाईनं घोडीच्या घामेजल्या मानेवरून हात फिरवला. तिला तिची दया आली आणि थोडा हेवाही वाटला. घराचं नाव निघालं की हिचे पाय हलके होतात, मग आपलेच जड का होतात? हे कुणाला विचारण्यासारखं नव्हतं.

माथ्यावर नुसता वारा होता. नवऱ्याच्या फोनला इथं रेंज नव्हती. घोडेवाल्यानं लगाम घोडीच्या मानेवर सोडून दिला.

"आता म्हणा, ताई. वर पोचल्यावर पाठीवरच्या माणसानंच म्हणायचं, अशी आमची रीत आहे. मग बघा कशी निघते ती."

नवऱ्यानं शूटिंग करायला फोन समोर धरला. "म्हण गं, मोठ्यानं म्हण."

घोडीचे दोन्ही कान मागे वळले. बाईनं तोंड उघडलं. शब्द साधाच होता, बोबड्या पोरालाही येणारा. तो ओठांपर्यंत आला आणि तिथंच अडला.

"अगं, म्हण की!"

"थांबा हो," ती म्हणाली. "तिला जरा दम तर खाऊ दे."

घोडी उतरणीकडे तोंड करून पाय आपटत होती. घोडेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाईकडे.

"हो, दमलीय खरी," तो म्हणाला आणि एका दगडावर टेकला.