टेकून बसा

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली, तेव्हा मैदानाच्या कडेला उभे असलेले दोघे माळी हसले. वीस वर्षं विळ्याने कॉलेजचं हे मैदान राखणाऱ्या गिरिजाबाईंनी मान खाली घातली. गवत कापायच्या या नव्या गाडीसाठी प्राचार्यांनी त्यांचंच नाव सुचवलं होतं, आणि गाडी दहा पावलंसुद्धा जात नव्हती.

"सीटवर शेजारी एक दगड ठेवा, मग नाही बंद पडणार," एक माळी म्हणाला.

"दगडबिगड काही नको," शिकवायला आलेला मिस्त्री म्हणाला. "सीटखाली बटण आहे. माणूस उठला की पातं थांबतं, कुणाचा पाय जाऊ नये म्हणून." मग त्याने गिरिजाबाईंकडे निरखून पाहिलं. "मावशी, तुम्ही बसताय कुठे? सीटच्या टोकाला नुसत्या टेकल्यात. गाडीला वाटतं, तुम्ही उतरलात."

गिरिजाबाई ओशाळल्या. प्राचार्यांसमोर खुर्ची मिळाली तरी त्या अशाच बसायच्या, केव्हाही उठता यावं म्हणून. त्याबद्दल आजवर कुणी हटकलं नव्हतं.

त्या मागे सरकल्या, अंग सैल सोडून बसल्या. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. मागे कापलेल्या गवताचा पट्टा सरळ उमटत गेला. माळी हसायचे थांबले.

दुपारी गाडीची किल्ली घेतल्याची सही करायला प्राचार्यांनी बोलावलं. "बसा," ते म्हणाले.

गिरिजाबाई बसल्या. खुर्ची नेहमीचीच होती. तिच्या पाठीला गादी आहे, हे त्यांना वीस वर्षांत आज पहिल्यांदा कळलं.