पांढरं गाव

प्रोजेक्टरमधून नकाशा भिंतीवर पडला आणि सरपंच पार्बताबाईंनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "टाकी आमच्या गावात. दिसूनच राहिलं की!"

भातकुली तालुक्यातलं ते ग्रामपंचायतीचं सभागृह. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला होता आणि आसपासच्या गावांचे सरपंच सतरंजीवर दाटीवाटीनं बसले होते. मुलूख खारपाणपट्ट्याचा, जमिनीखालचं पाणीच खारं, त्यात पावसानं सलग दुसऱ्या साली दगा दिलेला. गोड पाण्याची टाकी मिळणार होती एकच. ती कोणत्या गावात बांधायची ते सगळ्यांनी मिळून आजच ठरवायचं होतं. एकमत झालं नाही, तर टाकी दुसऱ्या तालुक्यात जाणार होती.

नकाशा नगमाचा. ती बडनेऱ्याची, पुण्याच्या एका संस्थेसाठी तिनं गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासलं होतं आणि कुठल्या पाण्यात मीठ किती, ते नकाशावर दाखवलं होतं. संस्थेचे रंगांचे नियम कडक. तक्ता असो की नकाशा, छटा ठरलेल्या निळ्याच्याच. आकडा जितका मोठा, तितका निळा गडद. लाल फक्त चूक दाखवायला. नियम करणाऱ्यांनी ते मोठ्या हौसेनं केले होते, फक्त खारं पाणी चाखून पाहिलं नव्हतं. नगमानं नियम पाळले, आणि ज्या गावात मीठ सर्वांत जास्त ते सरपंच पुंजाजींचं गाव भिंतीवर निळंशार होऊन बसलं, भरल्या धरणासारखं. शेजारचं पार्बताबाईंचं गाव मात्र फिकं, तहानलेलं दिसत होतं.

"पुंजाजी, तुमच्याकडं त दर्याच निघाला!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

पुंजाजी बिचारे डोळे बारीक करून स्वतःचंच गाव न्याहाळत होते. "आमच्या इथं डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही," ते म्हणाले. मग मशीनपुढे माणूस कचरतो तसे कचरले. "पण मशीनच म्हणते त असन बापा एखादा गोड झरा."

घोळ कुठे झाला ते नगमाला उमगलं. पाण्याचा नकाशा म्हटल्यावर निळ्यात माणसाला पाणीच दिसणार, मीठ कसं दिसेल?

पुण्याहून आलेले केदार सर तिच्या कानाशी वाकले. "कोपऱ्यातली रंगांची सूची समजावून सांग त्यांना."

तिनं सांगितली. गडद म्हणजे मीठ जास्त, फिकं म्हणजे कमी. सगळ्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या आणि पुन्हा त्या निळ्याकडेच कौतुकानं पाहू लागले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर इथे घडा त्यांचा नव्हता, नकाशाच पालथा होता.

"सर, मी छटा उलट्या लावते," नगमा लॅपटॉपशी बसत म्हणाली. "गोड पाणी गडद निळं. खारं होत जाईल तसं फिकं. आणि सर्वांत खारं ते पांढरं."

"पांढरं म्हणजे माहिती उपलब्ध नाही. नियमात स्पष्ट आहे."

"माहिती नाही असं गाव इथं एकही नाही, सर. बाटल्या मीच भरल्यात." तिच्या आवाजात अजिजी नव्हती. "आणि रंग सगळे तुमचेच आहेत. बाहेरचा एकही घेतलेला नाही."

केदार सरांनी तोंड उघडलं, पण ते काही बोलायच्या आत तिचं काम झालं होतं.

भिंतीवर सगळा खारा पट्टा फिका पडला आणि मधोमध पुंजाजींचं गाव नुसतं पांढरं राहिलं. पाणी आटल्यावर भांड्याच्या बुडाशी जो पांढरा थर उरतो, तो या माणसांनी रोज खरवडला होता. सूचीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. हशा कुठल्या कुठे गेला.

पुंजाजी उठले, भिंतीपाशी गेले आणि त्या पांढऱ्यावर त्यांनी तळहात ठेवला. "हे आमचंच. उन्हाळ्यात वावर असंच दिसते. आता बराबर केलं तू, पोरी."

नगमाला त्या शाबासकीनं धन्य वाटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

पुंजाजींच्या गावासाठी एकेक हात वर होऊ लागला. पार्बताबाईंचा मात्र मांडीवरच होता. हाती आलेली टाकी डोळ्यांदेखत निघून चालली होती.

"आमच्या विहिरी चैतातच तळ गाठते, त्याचं काय?" त्यांनी विचारलं.

प्रश्न खरा होता. उत्तर नगमानं दिलं. "गाठते, काकू. पण जे उरते, ते पिता येते."

पार्बताबाईंनी एकदा भिंतीवरच्या पांढऱ्या गावाकडे पाहिलं. मग त्या पुंजाजींकडे वळल्या.

"पुंजाजी, तुमच्या घरी मी चहा कधी पुरा केला नाही. तुमाले वाटलं असन, बाई तोऱ्यात हाये."

"वाटलं होतं," पुंजाजी म्हणाले.

"खारा लागे. मी बोलली नाही." त्यांनी हात वर केला, चांगला उंच. "बांधा टाकी. अन् मंग मले चहाले बोलावजा."