सुनेचा उपास

सुनेने पाण्याचा पेला हाताने परत सारला. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, तरी तिने मान हलवली.

"नको आई. पाणीसुद्धा नको."

सासूने पुन्हा आग्रह केला नाही. चर्चच्या पहिल्या बाकापाशी दोघी शेजारी गुडघे टेकून होत्या. काल सकाळी खाणीचं छत कोसळलं आणि आतली माणसं आतच राहिली. सासूचा एकुलता एक मुलगा त्यांच्यात होता. पाळकांनी सगळ्या मंडळीला उपास आणि प्रार्थनेला बोलावलं, आणि घरी कुणी म्हणता कुणी थांबलं नाही. मोठी माणसं नुसत्या पाण्यावर होती. मघाशी तर 'आमेन'च्या आधी सुताराचं पोटच बोललं, आणि अशाही वेळी दोघीतिघी तोंडावर हात धरून हसल्या.

सून हसली नाही. तिने डोळेही उघडले नाहीत.

लग्न होऊन आल्या दिवसापासून सासूला वाटायचं, ही पोरगी देवाच्या बाबतीत कोरडी ठणठणीत. गीत गाताना नुसते ओठ हलवायची. लांबलेल्या प्रार्थनेत डुलक्या काढायची. आणि आता? सगळ्या मंडळीत हिच्याएवढा कडक उपास कुणाचा नव्हता. त्याचा बोभाटा नको म्हणून सकाळी तोंड धुऊन, केस विंचरून आली होती. सासूला स्वतःचीच लाज वाटली. नवऱ्यावर एवढा जीव टाकणारी बायको, आणि आपण तिला उठता-बसता टाकून बोललो.

सुनेच्या पुढ्यात बाकावर तिची लहानगी चिमी झोपली होती. एरवी दार वाजलं तरी दचकून उठणारी पोर, आज एवढ्या गर्दीत हातपाय पसरून गाढ झोपली होती.

बाहेर खाणीच्या तोंडाशी पंपांची घरघर चालू होती. ती अचानक थांबली. सगळ्या माना दाराकडे वळल्या. पायऱ्यांवर बूट वाजले. दारात मुकादम उभा राहिला, चिखलाने माखलेला, आणि त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. हेल्मेट काढलेलं बघून मागे एक बाई कण्हली.

"जिवंत आहेत!" मुकादम कसाबसा म्हणाला. "सगळे जिवंत आहेत. आतून पाइपावर ठोके देताहेत. आवाजही येतोय. मावशी, सगळ्यात मोठा आवाज तुमच्या मुलाचा! लवकर काढा म्हणून शिव्या घालतोय आम्हाला. संध्याकाळच्या आत वर घेतो."

एकच गलका झाला. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. पाळकांनी स्तुतीचं गीत सुरू केलं. सासू सुनेला मिठी मारायला वळली.

सून जागची हलली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाकाची कड तिने अशी धरली होती की नखं लाकडात रुतली होती. ओठ मात्र आधीपेक्षा भराभर हलत होते. आता कसली प्रार्थना? सासूने कान जवळ नेला.

"त्याला नको, प्रभू. बाकी सगळे वर येऊ देत. तेवढ्या त्याला येऊ देऊ नकोस."

सासूच्या अंगाची आग आग झाली. पोटचा पोरगा मातीखाली, आणि ही त्याच्या वाईटावर टपून बसलेली! तिचा हात वर गेला.

सुनेने तो हात पाहिला. तिने स्वतःचं तोंड झाकलं नाही, मागेही सरली नाही. झोपलेल्या चिमीवर ओणवी झाली आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकलं. न घाबरता, सवयीने.

सासूचा हात हवेतच राहिला.

भिंतीपलीकडून कितीदा भांडी पडल्याचा आवाज आला होता. जिन्यावरून सून कितीदा घसरली होती. चिमीचा हात दारात सापडला होता. मुलाने सांगितलं ते प्रत्येक वेळी तिने खरं मानलं होतं, कारण खरं मानणं सोपं होतं.

तिने हात हळूच खाली घेतला.

"कुणाला बोललीस हे?"

"फक्त देवाला."

गीताचं दुसरं कडवं सुरू झालं. सगळी मंडळी दाराकडे, खाणीकडे तोंड करून गात होती. इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"पोरीला उचल," सासू म्हणाली. "मागच्या दाराने निघ. बहिणीकडे जा. वाटेत काहीतरी खाऊन घे, नाहीतर चक्कर येऊन पडशील. मी निरोप धाडल्याशिवाय इकडे फिरकू नकोस."

"आणि ते वर आल्यावर?"

"त्याचं मी बघते. आई आहे मी त्याची."

सुनेने चिमीला खांद्यावर घेतलं. मागच्या दारापर्यंत सासू तिच्याबरोबर गेली. सुनेने कडीला हात घातला. तिने वळून पाहिलं.

"आई, तुमच्या शेजारी बसून मी तुमच्याच मुलाचं मरण मागत होते. देव मला कधी क्षमा करेल का?"

सासूने कडी तिच्या हातून घेतली आणि दार उघडलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "तुझा सासरा असाच आत अडकला होता, तेव्हा मीही हेच मागितलं होतं. माझं ऐकलं गेलं."