आईचा उजवा हात

संहिताच्या मुक्या आईचा उजवा हात विळीने कापला आणि चार दिवसांत कोपरापर्यंत सुजला. प्रतिजैविकं निकामी झाल्यापासून अशा वेळी हात कापण्याशिवाय उपायच नव्हता. जिवाणू ज्या प्रथिनाने मांस पोखरतात, त्याला जखडणारं द्रव्य संहिताने पीएच.डी.साठी बनवलं होतं. ते तिने वॉर्डात चोरून आणलं.

"आई, निम्मेच उंदीर वाचले गं याने."

आईने डाव्या हाताने खुणावलं, "एका हाताने तुझ्याशी अर्धंच बोलता येईल. टोच."

तिसऱ्या दिवशी सूज ओसरली. आईने दोन्ही हातांनी सांगितलं, "भूक लागलीय."

संहिता हुंदके देत हसली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने सडलेला पाय उघडा केला.

"पोरी, थोडं उरलंय का?"

थेंबही उरला नव्हता. संहिताला मान वर करवेना.