एप्रिलची हाक ऑक्टोबरात

हॉबर्टने पुन्हा एप्रिलचीच हाक दिली आणि ओपलने त्याच्या बरगडीत कोपर हाणलं.

नवरा-बायको बीचच्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसले होते. बंदूक ओपलच्या मांडीवर. मघाशीच हॉबर्ट टोपी हलवत, बोंबलत रानटर्की पक्ष्यांच्या कळपात घुसला होता. माद्या आणि त्यांची यंदाची पिल्लं चहूकडे उधळली होती. शरदातली शिकार अशीच सुरू होते. आधी घर मोडायचं. मग मोडल्या जागीच दबा धरून बसायचं आणि हरवलेल्या पिल्लाच्या आवाजात हाक द्यायची. बाकीची हरवलेली आपल्या पायांनी चालत येतात. क्रूर आहे? आहेच. पाकिटातलं मांस खाणाऱ्यांनी नाक मुरडू नये.

वसंतातली, एप्रिलमधली शिकार वेगळी. तेव्हा नराला मादीच्या लाडिक आवाजाने फसवायचं. त्याला अक्कल लागत नाही. माजलेला नर कुठलाही असो, फसतोच. हॉबर्ट जन्मभर तेवढंच करत आला होता आणि नरांच्या छातीवरचे झुपके भिंतीला टांगून मिरवत होता. शरदातली शिकार ओपलची. हाक द्यायला तिला शिट्टी लागत नसे, नुसता गळा पुरे. त्या डोंगरांत तिच्यासारखी हाक कुणाला जमत नव्हती, आणि पुरुषांनाही ते कबूल करावं लागे, दात-ओठ खात का होईना.

यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या गळ्यातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज फाटला. शुद्धीवर येऊन तिने पहिला शब्द उच्चारला तेव्हा नर्स दचकली. त्या दिवसापासून ओपलने तोंड उघडलं नाही. डॉक्टर बजावून थकला, की बोललात तर गळा सुटेल, नाहीतर कायमचा बसेल. ती मान डोलवायची आणि गप्प राहायची. पेट्रोलपंपावरचे टवाळ म्हणायचे, "ओपल गप्प झाली, आता टर्क्या म्हातारपणाने मरणार." दुसऱ्याच्या दुखण्यावर हसायला या गावात पैसे पडत नाहीत.

मग एक दिवस हॉबर्टने रबरी शिट्टी विकत आणली. "यंदा शरदात मला ने," तो म्हणाला. "हाक मी देतो, बंदूक तू धर." ती आली. रानाची ओढ शरमेपेक्षा जबर होती.

आणि आता हा गाढव सगळं घालवत होता.

पलीकडच्या डोंगरसोंडेवरून कळपातली म्हातारी मादी बोलायला लागली. ओपलच्या मुठी आवळल्या. आई एकदा बोलायला लागली की पिल्लं तिकडेच वळतात, मग खेळ खलास. झुडपांतल्या पिल्लांच्या बारीक शिट्ट्या दूर जाऊ लागल्या होत्या. हॉबर्टने पुन्हा तोच लांब, लाडिक सूर लावला. तिने बोटांनी खुणा केल्या: बारीक, तोकडं, तुटक.

"काय? चुकलं?" तो कुजबुजला. "मग कसं ते सांग की."

तिने पुन्हा बोटं नाचवली.

"खुणा मला कळत नाहीत, बाई. सांगता येत नसेल तर मुकाट बस. करतोय ना मी." आणि त्याने तीच हाक दिली, आणखी लांब, आणखी गोड.

ओपलच्या डोक्यात तिडीक गेली. तोंड उघडलं ते त्याला शिव्या घालायला. बाहेर पडली ती हाक. की-की-की. शेवटाला आवाज चिरकला, खरखरला, फुटला. तिने शरमेने डोळे मिटले.

समोरच्या झुडपातून उत्तर आलं. तसंच चिरकलेलं, तसंच फुटलेलं.

या दिवसांत नर पिल्लांचा आवाज फुटतो, मिसरूड फुटणाऱ्या पोरांसारखा. ओपलच्या जुन्या गोड गळ्याला तो फाटका सूर कधी साधलाच नव्हता. तिने पुन्हा हाक दिली, या वेळी उघड्या डोळ्यांनी. पाला वाजला. माना उंच करून पिल्लं धावत आली, इतकी जवळ, की त्यांच्या डोळ्यांतली चमक दिसावी. तिने चाप ओढला.

आणि मग तिचं तोंड सुटलं.

"गाढवा! पोरकी पोरं आईला शोधतायत आणि तू त्यांना डोळा मारतोस? मुकाट बस म्हणे! मेल्या, तुझ्या थडग्यावर उभी राहून बोलेन मी!"

आवाज खरडत होता, मधेच तुटत होता, पण थांबत नव्हता. हॉबर्टने टोपी काढली आणि खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

"शरदाचं काम मला नाही जमायचं," तो म्हणाला.

"नाहीच जमणार! बस इथंच आणि विचार कर!" पक्षी खांद्यावर टाकून ती उताराला लागली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी बोलतच होती.

ओढ्यापाशी ती दम घ्यायला थांबली. तेवढ्यात वरून हाक आली. बारीक, तोकडी, तुटक, आणि शेवटाला नेमक्या जागी चिरकलेली. नर पिल्लू मागे राहिलं होतं तर. तिने पक्षी खाली ठेवला आणि वाकून, पान न वाजवता, पुन्हा चढण चढली.

बीचच्या झाडाखालून हाक देत होता तो हॉबर्ट, तोंडात ती रबरी शिट्टी धरून, वर्षानुवर्षांचा सराव असल्यासारखा. आणि दोन पिल्लं त्याच्या बुटांपाशी येऊन आईला शोधत होती.