केसपेपरवरचा खर्रा

"लपून खर्रा खाता ना?"

दिपालीनं बाबांच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे केले. एसटीचं एक तिकीट निघालं. रूपराव खाटेवर बसून होते. जिभेवर बोराएवढी गाठ, शब्द जड येत होते. "माय, सुपारीबी तोंडात टाकली नाई म्या."

तिचा विश्वास बसला नाही. आर्वीच्या शाळेत ती पोरांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवायची, आणि तिच्याच बापाच्या जिभेला गाठ. तीस वर्षं त्यांनी गिरणीच्या बॉयलरवर काढली होती. तिथं सगळेच तंबाखू-सुपारीचा खर्रा खात. गिरणीचे सुपरवायझर भैयाजी बघायला आले, ते अंगणातच हसले. "मास्तरीणबाई, घरचाच इद्यार्थी नापास झाला की तुमचा!"

त्या दिवसापासून ती बाबांशी बोलेना. ताट ठेवायची आणि निघून जायची. त्यांना धाप लागायची. तीही तिनं तंबाखूच्याच नावावर टाकली.

आठव्या दिवशी रूपराव म्हणाले, "खाल्ला. गिरणीत खात होतो. आता तरी बस माह्याजवळ."

ती बसली. पेज भरवता भरवता रागावत राहिली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनंच केसपेपरवर लिहून घ्यायला लावलं : तंबाखू, तीस वर्षं. मग कामधंद्याचं कोणी विचारलंच नाही.

मुंबईला पाठवलेल्या गाठीच्या तुकड्याचा अहवाल बाबांच्या तेरवीनंतर आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"हा जिभेचा कॅन्सर नव्हताच. फुप्फुसाच्या आवरणाचा होता, मेसोथेलिओमा. तो जिभेपर्यंत पोचलेला मी पहिल्यांदाच पाहतेय. तंबाखूनं हा होत नाही, ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होतो. काय काम करायचे ते?"

बॉयलरच्या नळांवरची जुनी पांढरी गुंडाळी हातानं सोलायची आणि नवी चढवायची, हेच काम. लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हा तिनं पाहिलं होतं. बाबा भुवयांसकट पांढरे झालेले असत. भैयाजी मात्र नाकाला रुमाल बांधल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकत नसत.



डॉक्टरीणबाई जुना केसपेपर उलटत होत्या. "दातांवर एक डाग नव्हता त्यांच्या. मग हे तीस वर्षं तंबाखू कोणी सांगितलं?"

"बाबांनीच," दिपाली म्हणाली. "मी जवळ बसावं म्हणून."